तार आणि हाड

अमरावती,
३ सप्टेंबर १९६१

देवमनभाऊ, जयभीम.

अक्षर ओळखलंस तर पाकीट बाजूला टाकू नकोस. आधी वाच, मग काय करायचं ते कर. पत्ता मायनं दिला. तिच्याकडे तो कुठून आला ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. तू कौशल्यावहिनीशी लग्न करून भुसावळला गेलास तेव्हापासून घरात तुझं नाव काढायचं नाही असा बाबांचा हुकूम आहे. पुंजाजीकाकांना त्यांनी शब्द दिला होता, त्यांच्या पोरीसाठी. तो मोडला. हे तुला माहीत आहे, मी काही नवीन सांगत नाही.

मी इथं मास्तरणीच्या ट्रेनिंगला आहे. मुलींच्या वसतिगृहात राहते. बाबा अजून अकोल्याच्या कापसाच्या जिनातच आहेत. मायची तब्येत ठीक.

लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या तिघांचं तोंड सारखं. बाबांचं, तुझं, माझं. खालचा जबडा वरच्याच्या पुढं. लोक ‘डोमाजीचं तोंड’ म्हणतात आणि आपण हसून सोडून देतो. पण मागच्या आठवड्यात मला हसता आलं नाही. तिसरीच्या वर्गावर पाठ होता. मागं परीक्षक बसलेले. मी वाचलं, “शेतात ससा दिसला.” पहिल्या ओळीतली एक पोरगी उभी राहिली. खोडसाळ नव्हती, खरंच विचारत होती. “बाई, थथा म्हणजे काय?” वर्ग हसत सुटला. परीक्षकांनी माझ्या पाठावर शेरा मारला : उच्चार अस्पष्ट, सुधारणा आवश्यक. सुधारणा कशी करू? जीभ जिथं टेकायची तिथं दात नाहीत, ते पुढं निघून गेलेत.

माझी खोलीतली सोबतीण सुभद्रा, अंजनगाव सुर्जीची, पानमळेवाल्यांची. तिचे वरचे दात पुढं आले होते. ती इथं परकोटात, जुन्या शहरात, एका दातांच्या डॉक्टरकडे जाते, डॉक्टर महादेवराव. मुंबईला शिकून आलेत. तिच्यासोबत मीही गेले. त्यांनी माझ्या तोंडात गरम मेण दाबून दातांचा साचा घेतला, प्लास्टरचा. दुसऱ्या दिवशी माझे आणि सुभद्राचे साचे टेबलावर शेजारी ठेवून म्हणाले, “हिचा जबडा जागेवर आहे, दात वाकडे आहेत. तुमचे दात सरळ आहेत, जबडाच पुढे आहे. दात तारेनं सरकतात. हाड सरकत नाही. लहानपणी थोडंफार ऐकतं, बाविसाव्या वर्षी नाही.”

“मग?”

“मग हाड कापून मागे घ्यायचं. मुंबईत करतात. तुमचा खरा इलाज तो.”

मी म्हटलं, “तुम्ही तारच बसवा.”

ते म्हणाले, “बसवतो. दात आत वाकतील, बोलणं थोडं सुधरेल. पण मूळ दुखणं तिथंच राहील, हे आजच सांगून ठेवतो. मागाहून रागावू नका.”

सोमवारी तारेची प्लेट बसणार. घरी सांगितलेलं नाही. तुझं तोंड माझ्यासारखं, म्हणून तुला सांगते. तुला बोलताना, जेवताना काही होतं का? उत्तर नाही दिलंस तरी मी समजून घेईन.

भागीरथा


अकोला,
१२ मे १९६२

देवमनभाऊ,

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण खाली वहिनीनं आपल्या हातानं नाव लिहिलं होतं, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, “आम्ही बरे आहोत, तोंडाचं मनावर घेऊ नको.” मी काय विचारलं होतं ते तू चुकवलंस, हे मला कळलं.

सुट्टीला घरी आले आहे. प्लेट सगळ्यांना कळली. लपवणारच होते, पण जेवताना ती काढून ओच्यात ठेवली आणि उठताना खाली पडली. बाबांनी उचलली. गुलाबी टाळू, त्याला तारेचे आकडे. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली.

“हे काय घालून राहिली तोंडात?”

मी सांगितलं. पाठाचं, शेऱ्याचं, सगळं. ते ऐकत होते आणि प्लेट हातात फिरवत होते. मग म्हणाले, “माया मायचं तोंड हाय हे. याच तोंडानं तिनं भाकर खाल्ली, याच तोंडानं आमाले हाका मारल्या. त्यात काय खोट निंघाली तुले?”

“खोट नाही बाबा. पोरांना माझं बोलणं समजत नाही.”

“मले तं समजते.”

माय चुलीपाशी होती, ती म्हणाली, “तुमाले समजते म्हून सरकार तिले नोकरी देनार हाय का?” बाबा उठले. दारातून वळून एवढंच म्हणाले, “एकानं माया शब्द मोडला. आता हे माया तोंड मोडाले बसली.” पाहिलंस? तुझं नाव घेतलं नाही, पण चार वर्षांत पहिल्यांदा घरात तुझा उल्लेख झाला. माय रडली, पण मला वाटतं त्या रडण्यात सगळं दुःखच नव्हतं.

प्लेट मी घालतेच आहे. पुढचे खालचे दात आत आलेत, वरचे थोडे बाहेर. आरशात बरं दिसतं. सुभद्राचं तर काम होत आलं. ती आता ओठ मिटून बसू शकते आणि त्याचं तिला इतकं अप्रूप आहे की उगाचच ओठ मिटून बसते.

माझं विचारशील, तर बरं आहे.

भागीरथा


अमरावती,
२५ ऑक्टोबर १९६२

देवमनभाऊ,

“बरं आहे” असं मेमध्ये लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. तेव्हाच खालचे दोन दात हलायला लागले होते. हिरडी खाली गेली, दात लांब दिसू लागले. ‘स’ थोडा सुधारला, पण समोरचे दात टेकले की दाढा टेकत नाहीत, दाढा टेकवल्या की जबडा पुन्हा पुढं जातो. घास कुठं चावायचा तेच कळत नाही. कानापाशी कट् कट् वाजतं. दोन महिने मी भाकर दुधात बुडवून गिळते आहे.

गेल्या शनिवारी डॉक्टर महादेवरावांनी प्लेट काढून घेतली. म्हणाले, “आणखी ओढलं तर दात पडतील. मी दात वाकवले, हाडाला हातही लागला नाही.” रागावू नका असं आधीच सांगितलं होतं, म्हणून मी रागावले नाही. सुभद्रा मात्र बाहेर आल्यावर रडली. म्हणाली, “एकाच खुर्चीत बसलो गं दोघी. माझं झालं आणि तुझं नाही.” मी तिला म्हटलं, तुझं दुखणं दाताचं होतं. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, यात तुझा काय दोष?

आता, मी ऑपरेशनचं कळवल्यावर तुझं कार्ड आलं, त्याचं. तू लिहिलंस, “हाड कापू नको. भुलीतून माणूस उठत नाही कधी कधी. मीसुद्धा याच तोंडानं जगतो आहे.” भाऊ, तुझी भीती मला कळते. मलाही आहे. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. कानाखाली दोन्ही बाजूंनी चीर घेतात, जबड्याचं हाड कापून मागं सरकवतात, आणि ते जुळेपर्यंत वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधून टाकतात. तोंड बंद. दीड-दोन महिने नुसतं पातळ, तेही दाढेमागच्या फटीतून. खालच्या ओठाची संवेदना जाऊ शकते, कायमची. त्यांनी काही झाकलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

पण तू लोको शेडमध्ये आहेस. इंजिनाला तुझा ‘स’ ऐकू येत नाही. मला चाळीस पोरांसमोर उभं राहायचं आहे. लेखी परीक्षेत मी पास आहे. पाठांचा निकाल राखून ठेवलाय, पुन्हा पाठ द्यायची एक संधी आहे. आणि पाठ सोड, मला जेवायचं आहे. रोज, न घाबरता, पोटभर. सुंदर दिसायची हौस असती तर एवढं धाडस झालं नसतं माझ्याकडून.

मुंबईला चिठ्ठी गेली आहे. बाबांना अजून सांगायचं आहे.

भागीरथा


अकोला,
६ जानेवारी १९६३

देवमनभाऊ,

बाबा माझ्यासोबत मुंबईला येत आहेत. कसं, ते सांगते.

ऑपरेशनचं मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिनातून रजा घेतली, धुवट धोतर नेसले आणि एकटेच अमरावतीच्या गाडीत बसले. माय घाबरली, आता हे डॉक्टरला मारतात की काय. मारायलाच गेले असावेत, निदान बोलायला तरी. संध्याकाळी परत आले. जेवायला बसले तर मायकडे बघून विचारतात, “तुले जेवतानी दुखते का वं?”

माय म्हणाली, “कुठं?”

“इथीसा. कानापाशी. दाढेत.”

“नाई बाप्पा. मले काहून दुखन?”

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग हळूहळू सांगितलं. डॉक्टर महादेवरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, दाढांवरून बोट फिरवलं. एका बाजूच्या दाढा पार झिजून सपाट झाल्यात म्हणे. डॉक्टरांनी विचारलं, “किती वर्षांपासून दुखतं?” बाबा म्हणाले, “कधीपासून म्हंजे? दुखतेच.” डॉक्टर म्हणाले, “सगळ्यांना दुखत नाही डोमाजी.”

मायला सांगताना त्यांचा आवाज अगदी लहान पोरासारखा झाला होता. “मले वाटे, जेवतानी सगळ्यायलेच दुखते. मले वाटे, जेवन असंच राह्यते.”

भाऊ, तुलाही दुखत असेल. मी विचारलेलं तू चुकवलंस ते त्याचमुळे ना?

बाबांचं वय झालं, त्यांना ऑपरेशन करायचं नाही, डॉक्टरही करू म्हणाले नाहीत. पण रात्रभर विचार करून त्यांनी सकाळी मला हाक मारली. “कवा जाचं हाय?” बस, एवढंच.

आमची गाडी भुसावळवरून जाते. तुला कळवते आहे. स्टेशनावर येऊ नकोस, आत्ता नको. ते खिडकीशी बसतील की नाही, तेही मला माहीत नाही.

भागीरथा


मुंबई,
१७ फेब्रुवारी १९६३

देवमनभाऊ,

ऑपरेशन झालं. सोपं गेलं. मी जिवंत आहे, तोंड बंद आहे, हात चालू आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात आहे. वॉर्डात सगळ्यांशी पाटीवर लिहून बोलते. शेजारच्या खाटेवरच्या मैनाबाईंना वाचता येत नाही, तर त्यांच्यासाठी चित्रं काढते. पाण्यासाठी लोटा, झोपेसाठी उशी. त्यांना वाटतं मी चित्रकार आहे.

जाताना बाबा भुसावळला खिडकीशी बसले नाहीत. पण गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, “लोको शेड कोनत्या बाजूले हाय?” मी दाखवलं. तोवर शेड मागं गेली होती.

आता खरं सांगण्यासारखं हे आहे. तुला माहीत आहे बाबा किती बोलतात ते. दिवसाकाठी दहा वाक्यं, त्यातली पाच बैलाला, असं माय म्हणायची ना, आपल्याकडे बैल होता तेव्हा. तर मी बोलेनाशी झाले आणि ते बोलायला लागले. दुपारी भेटायची वेळ झाली की येतात, नळीच्या कपातून वरणाचं पाणी पाजतात आणि सुरू होतात. लहानपणचं, शाळेत वर्गाबाहेर बसून ऐकलेल्या पाढ्यांचं, नागपूरला धम्म घेतला त्या गर्दीत चप्पल हरवली आणि अनवाणी परत आले त्याचं. मी पाटी हातात घेतली की म्हणतात, “लिवू नको. आयक नुसतं.” मी उत्तर देऊ शकत नाही, हेच त्यांना सोपं जातं.

काल तुझ्याबद्दल बोलले. “देवमन जलमला तं दाई म्हने, डोमाजी, तुयाच तोंडाचा हाय पोरगा. मले असा आनंद झाला पोरी. मंग तो मोठा झाला अन पोरं त्याले चिडवत, तं मले वाटे, म्याच देलं हे त्याले. त्यानं मले कवा म्हटलं नाई.” मग नळीचा कप खाली ठेवला. “पुंजाजीले शब्द देल्ला तवा देवमनले इचारलंच नाई म्या. माया बापानं मले कुठं इचारलं होतं?”

एवढंच. माफी वगैरे शब्द त्यांच्याकडे नाहीत, ते तुला माहीत आहे. मी पाटीवर काही लिहिलं नाही. तुला लिहिते आहे. त्यांना विचारलेलं नाही, चालेल असं समजते.

आणखी एक. मला उलटी झाली तर तोंड उघडता येणार नाही, गुदमरायला होईल. म्हणून दात बांधलेल्या तारा कापायची कातरी सतत जवळ ठेवायची असते. ती बाबांनी नर्सबाईंकडून मागून घेतली. कुठली तार कापायची, कशी, हे त्यांनी तिच्याकडून समजून घेतलं. ती कातरी त्यांच्या बंडीच्या खिशात असते. पाणी प्यायला गेले तरी खिशावर हात.

महिनाभरात घरी सोडतील. तारा तशाच राहतील, त्या पुढं उघडायच्या. यायची तारीख कळवीन. आता तू स्टेशनावर यायला हरकत नाही, असं मला वाटतं. मला वाटतं म्हणजे मलाच.

भागीरथा


अकोला,
२१ एप्रिल १९६३

देवमनभाऊ,

आता तोंड मोकळं आहे. तरी हे लिहूनच सांगते, कारण मुंबईहून परत येताना भुसावळला उतरलो त्या दिवशी तू विचारत होतास आणि मी बोलू शकत नव्हते, बाबा बोलण्याच्या अवस्थेत नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी मला पुन्हा मुंबईला नेतानाही तू काही विचारलं नाहीस. तुला फक्त फलाटावरचं माहीत आहे.

चाळीसगावला बाबांनी दूध घेतलं. नळीनं पाजलं. ते नासकं असावं, मला चवीवरून कळायला पाहिजे होतं, पण त्या तोंडाला चव तरी कुठली? जळगाव गेलं आणि पोटात ढवळलं. मी बाबांचा हात धरला. त्यांनी ओळखलं. माझं डोकं गुडघ्यांत दाबून धरलं, नर्सबाईंनी दाखवल्यासारखं. थोडं नाकातून आलं, थोडं दाढेमागून. दुसरी उबळ आली ती जाईना की येईना. श्वास बंद झाला. डब्यात बायका ओरडत होत्या, कुणी साखळी ओढा म्हणत होतं. मला एवढंच दिसत होतं की बाबांच्या हातात कातरी आहे आणि ते माझ्याकडे बघताहेत.

भाऊ, मी मान हलवली. नको म्हणून. तारा कापल्या तर हाड सरकेल, सगळं वाया जाईल, असं मला वाटलं. तेवढ्या गुदमरण्यातही मला माझ्या ‘स’ची पडली होती. बाबांनी माझं ऐकलं नाही. डाव्या हातानं ओठ वर केला आणि एकामागून एक तारा कापल्या. तोंड उघडलं, सगळं बाहेर आलं, मी श्वास घेतला. त्यांनी माझी हनुवटी तळहातात धरली आणि उपरण्यानं डोक्याशी घट्ट बांधली. मग भुसावळ येईपर्यंत त्यांनी कातरी मुठीतून सोडली नाही.

तू टिफिन घेऊन फलाटावर उभा होतास. आम्ही उतरलो. पाच वर्षांनी तुमची भेट, आणि ते काय म्हणाले ते तू ऐकलंसच. “देवमन, म्या तारा कापल्या रे.” तू टिफिन खाली ठेवलास आणि त्यांच्या दंडाला धरलंस. तुम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतात, रडू आवरताना दोघांची हनुवटी एकसारखी पुढं येत होती. मी जे पाहिलं ते तुम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

रेल्वेच्या दवाखान्यात पट्टी बांधून घेणं, तुझ्या पासावर दुसऱ्याच दिवशी मुंबईला परत नेणं, हे सगळं तू केलंस. मुंबईच्या सर्जननी काय सांगितलं ते तू ऐकलंस, पण बाबांनी ते माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं आहे. हाड बहुतेक धरलं होतं. डावीकडे जरासं सरकलं. पुन्हा हलक्या तारांनी बांधलं आणि या आठवड्यात सुटलं. आणि “या माणसानं वाट पाहिली असती तर पोरगी राहिली नसती,” हे वाक्य. ते ऐकताना बाबा दर वेळी दुसरीकडे बघतात.

आता तुला माहीत नसलेलं. आपण मुंबईला होतो तेवढे दिवस बाबा तुझ्या घरी वहिनीजवळ एकटे होते. मला धाकधूक होती. ज्या सुनेचं नाव काढायचं नव्हतं तिच्या हातचं ते जेवतील का? वहिनीच्या माहेरच्यांनी तर याच लग्नापायी तिच्या नावानं पाणी सोडलेलं, तिला तरी या माणसाबद्दल काय वाटत असणार?

बाबांनीच मायला सांगितलं, मी ऐकत होते. पहिल्या दिवशी वहिनीनं ताट आणलं. भाकर आधीच बारीक चुरलेली, वर पातळ वरण, शेंगदाण्याची चटणी अगदी पिठासारखी कुटलेली. वांग्याची साल काढलेली. बाबांनी विचारलं, “हे असं काहून केलं?”

ती म्हणाली, “ह्यांना असंच लागतं. मला वाटलं, तुम्हालाही लागत असेल.”

बाबा मायला म्हणाले, “मले आजवर कोनी चुरून नाई देल्लं.” माय म्हणाली, “तुमी कवा सांगतलं?”

म्हणजे तुझं दुखणं तू मला सांगितलं नाहीस, पण बायकोला सांगितलंस. मला राग नाही आला. बरं वाटलं.

माझा खालचा ओठ उजव्या बाजूनं बधिर आहे. वरण ओघळलं तरी कळत नाही, मायनं खुणावलं की पुसते. हनुवटी किंचित डावीकडे आहे. डॉक्टर म्हणतात तोंडाचा व्यायाम कर, काडेपेटी दातांत मावेल एवढं उघड. करते आहे. दाढा टेकतात, भाऊ. वरच्या खालच्यांवर, सगळ्या एकदम. पहिल्यांदा टेकल्या तेव्हा मला कुणी आतून दार लावल्यासारखं वाटलं. जूनमध्ये पाठ आहे.

भागीरथा


परतवाडा,
२८ नोव्हेंबर १९६३

देवमनभाऊ,

इकडे थंडी पडली आहे. मेळघाटाकडून सकाळी लाकडाच्या गाड्या येतात, त्यांच्यामागोमाग पोरं शाळेत येतात, कान बांधून. जूनच्या पाठानंतर इथं नोकरी लागली, मला दुसरीचा वर्ग दिला आहे. कोरकू पोरं आहेत काही, त्यांना माझी मराठी समजत नाही आणि मला त्यांचं कोरकू. पण तो घोळ भाषेचा आहे, माझ्या तोंडाचा नाही, म्हणून मला त्याचं काही वाटत नाही. आम्ही एकमेकांना शिकवतो.

मागच्या पत्रात तू विचारलंस की आता मीही डॉक्टरांना दाखवू का. दाखव. पण माझं झालं म्हणून तुझं तेच होईल असं धरून चालू नकोस. डॉक्टर महादेवरावांनी सुभद्राला तार दिली, मला मुंबईला पाठवलं, बाबांना नुसत्या दाढा घासून सारख्या करून दिल्या आणि सांगितलं, मऊ खा. तिघांना तीन. तुला काय सांगतील ते तुझं. बधिर ओठ मी रोज पुसते, तेही लक्षात ठेव. दुखणं किती आहे आणि काय मोजायला तयार आहेस, हे तुझं तुलाच ठरवावं लागेल. वहिनीला सोबत ने.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले होते, तेव्हाचं सांगायचं राहिलं.

ओसरीत बसलो होतो. पुंजाजीकाका आले. तू गेल्यापासून ते घरी येत नव्हते, जिनात भेट व्हायची तेवढीच. त्यांच्या पोरीचं लग्न धारणीला चांगल्या ठिकाणी झालं, दोन लेकरं आहेत, राग बहुतेक निवला असावा. मायनं चहा ठेवला. काका माझ्याकडे बघत राहिले. ते वाईट माणूस नाहीत, पण मनात येईल ते बोलतात.

“डोमाजी, पोरगी वळखू येत नाई बाप्पा. तुयं तोंड पार पुसून टाकलं तिनं.”

मला वाटलं, आता बाबा गप्प बसतील. मीही खाली मान घातली. भाऊ, याची मला आतून भीती होतीच. आरशात बघताना कधी कधी आजी शोधते मी आणि ती सापडत नाही.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. म्हणाले, “पुसलं नाई. तिले जेवतानी दुखे, तिनं ते बरं करून घेतलं.” मग काकांकडे सरळ बघून म्हणाले, “अन माया तोंडाचं मानूस पाह्यचं असन तं भुसावळले जा. लोको शेडात इचारजो. देवमन डोमाजी म्हून कोनीबी दाखवन. माया पोरगा हाय.”

पुंजाजीकाकांनी बशीतला चहा संपवला. उठताना म्हणाले, “त्याले म्हना, इकडं आला का माया घरी चहाले ये. बायकोले घेऊन.”

माय चुलीपाशी पाठ करून उभी होती. ती वळली नाही. पण तिनं साखरेचा डबा उघडला आणि काका गेले तरी कितीतरी वेळ तो उघडाच ठेवला.

जानेवारीत तुझी रजा शिल्लक असेल. तुम्ही दोघं अकोल्याला या. मी परतवाड्याहून येईन.

भागीरथा